‘वॉर्टहॉग’ : व्हिडिओ गेममधील एका जीपची घडण आणि हाताळणी

यंत्रांच्या इतिहासात वाहनांना मानाचे स्थान आहे. परंतु जे वाहन कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडले नाही, ज्याच्या टाकीत इंधनाचा थेंब पडला नाही आणि तरीही जे लक्षावधी लोकांनी चालविले, अशा वाहनाचा इतिहास लिहिता येईल काय, आणि लिहावयाचा झाल्यास त्याचे साधन कोणते मानावे, हा प्रश्न आजच्या अभ्यासकापुढे उभा आहे. व्हिडिओ गेम हा मनोरंजनाचा प्रकार म्हणून कोणी कितीही कमी लेखो, गेल्या पन्नास वर्षांच्या सांस्कृतिक इतिहासातून तो आता वगळता येत नाही. तथापि या खेळांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या कथानकाविषयी, चित्रांविषयी किंवा व्यापाराविषयी असते. खेळणाऱ्याच्या हाताला त्यात जे जाणवते, त्याचा विचार क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात ‘हेलो’ या खेळातील ‘वॉर्टहॉग’ नावाच्या जीपचा विचार केला आहे. रस्ता सोडून डोंगर, वाळू, बर्फ यांवरून चालणारी ही काल्पनिक लष्करी गाडी २००१ साली प्रथम खेळाडूंच्या हाती आली. तिच्या इतिहासावरून एक गोष्ट दाखवून द्यावयाची आहे. खेळातील वाहनाचा खरा ‘पाठ’ म्हणजे त्याची हाताळणी होय. बाह्य रूप हे त्या पाठावरचे वेष्टन आहे. हे मान्य केले, तर अशा खेळांच्या पुढील आवृत्त्यांकडे आणि त्यांच्या जतनाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी लागते.

१. पूर्वपीठिका

‘जीप’ हा शब्द मराठीला परका राहिलेला नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या टेहळणी-वाहनाची मागणी कारखानदारांपुढे ठेवली. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांच्या प्रयत्नांतून जी गाडी सिद्ध झाली, तिच्या सहा लाखांहून अधिक प्रती दुसऱ्या महायुद्धात तयार झाल्या. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी आरंभिली आणि सरकारी दौऱ्यांच्या निमित्ताने ही गाडी आपल्या तालुक्यातालुक्यांत पोचली. जीपचे वैशिष्ट्य तिच्या वेगात नव्हते. जेथे वाट नाही तेथेही जाता येते, हा विश्वास तिने चालकाला दिला. आणि त्या विश्वासाची किंमत म्हणून भूमीचा प्रत्येक खाचखळगा त्याच्या हाडांपर्यंत पोचविला.

या परंपरेतील एक वाहन पृथ्वीबाहेरही गेले. १९७१ साली अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालविली, तिचे पृथ्वीवरील वजन सुमारे २१० किलो होते. चारही चाकांना स्वतंत्र, प्रत्येकी पाव अश्वशक्तीची विजेची मोटर होती; पुढची आणि मागची अशी दोन्ही चाके वळत. तिला स्टिअरिंगचे चाक मुळीच नव्हते. दोन आसनांच्या मध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची एक मूठ होती. ती पुढे रेटली की गाडी चाले, बाजूला कलती केली की वळे, मागे ओढली की थांबे. पहिल्या फेरीत पुढच्या चाकांचे वळण चालेना, तेव्हा केवळ मागची चाके वळवून अंतराळवीरांनी काम भागविले. एकाच दांडीने वेग आणि दिशा या दोहोंचे नियमन करण्याची ही रीत पुढे खेळांच्या कंट्रोलरवर रूढ झालेल्या रीतीशी किती जवळची आहे, हे अभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल. तिच्यातूनच ती रीत निघाली, असे म्हणण्यास आधार नाही. दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती, एवढेच म्हणता येते. मोकळ्या, अपरिचित भूमीवर जाणाऱ्या गाडीला अगदी थोड्या हालचालींत कसे वागवावे, ही ती अडचण.

व्हिडिओ गेममध्ये अशी गाडी लवकरच आली. जपानच्या आयरेम कंपनीच्या ‘मून पेट्रोल’ (१९८२) या खेळात सहा चाकांची चांद्रगाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते. खड्डे आले की उडी मारावयाची, दगड आले की गोळी झाडावयाची. चाके उंचसखल भूमीबरोबर खालीवर होतात, परंतु ती हालचाल केवळ डोळ्यांसाठी आहे. चाकांनी काय केले यावर गाडीची गती अवलंबून नाही. तात्सुमी कंपनीच्या ‘बगी बॉय’ (१९८५) मध्ये स्टिअरिंगचे चाक आणि पायाखालचा पेडल आला. ओंडक्यावर आपटून उडावे, दगडावर एक बाजू चढवून दोन चाकांवर धावावे, असे चमत्कार आले. लेलँडच्या ‘सुपर ऑफ रोड’ (१९८९) मध्ये वरून दिसणाऱ्या एका पडद्याएवढ्या मैदानात गाड्या उंचवट्यांवर उसळत. या सर्व खेळांत भूमी ही अडथळ्यांची मालिका आहे. खेळाडू तिला ओळखतो तो ‘येथे उडी, तेथे वळण’ अशा स्वरूपात. ‘स्मगलर्स रन’ (२०००) या खेळापर्यंत येईतो मोकळ्या माळावर हवे तिकडे गाडी नेण्याची मुभा मिळू लागली होती, आणि भूमीचा उतार गाडीच्या चालीवर प्रत्यक्ष परिणाम करू लागला होता.

२. ‘हेलो’ची जडणघडण

बंजी ही १९९१ साली शिकागोत स्थापन झालेली छोटी कंपनी. तिच्या ‘मिथ’ (१९९७) या खेळात खेळाडू रणांगणाकडे वरून पाहतो आणि सैन्याच्या तुकड्यांना हुकूम सोडतो. ‘हेलो’चा आरंभही अशाच सेनापतीच्या खेळातून झाला. तिच्या निर्मात्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, या खेळासाठी जीपच्या हालचालीचे गणित बसविल्यावर उंचसखल भूमीवरून ती धावताना पाहणे हाच एक आनंद होऊन बसला. गाड्या अधिक जवळून दिसाव्यात म्हणून कॅमेरा खाली आणला गेला. जवळून दिसू लागल्यावर त्या आपणच चालवाव्यात असे वाटू लागले. हुकूम देणारा सेनापती अशा रीतीने गाडीत बसलेला शिपाई झाला.

या हकीकतीला निर्मात्यांच्या आठवणींपलीकडचाही पुरावा आहे. जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्ज यांनी हा खेळ प्रथम लोकांपुढे आणला, तेव्हा दाखविलेल्या चित्रात खेळाडूची आकृती बाहेरून दिसते आणि जीप गवताळ टेकड्यांवरून उसळत जाते. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली. त्यानंतर खेळाची दृष्टी बदलून ती पात्राच्या डोळ्यांतून दिसणारी झाली, आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्स या नव्या कन्सोलबरोबर खेळ बाजारात आला. मात्र पायी चालताना पात्राच्या डोळ्यांतून पाहणारा कॅमेरा, गाडीत बसताच बाहेर पडून गाडीच्या मागे उभा राहतो. ही व्यवस्था सोयीची आहेच, कारण आडरानात चालकाला आपली चाके दिसली पाहिजेत. त्याचबरोबर खेळाच्या पूर्वीच्या अवस्थेची खूणही तीत राहिली आहे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. जुन्या वाड्याची डागडुजी झाल्यावर एखादी मूळची तुळई जशी जागच्या जागी राहते, तसा हा प्रकार आहे.

३. गाडीची रचना

वॉर्टहॉग हे आफ्रिकेतील सुळेवाल्या रानडुकराचे नाव. गाडीच्या नाकावर दोरखंड गुंडाळण्याची चरकी असून तिच्या दोहों बाजूंचे आकडे सुळ्यांसारखे दिसतात. नावाची सार्थकता तेवढ्यापुरती. खेळातील लष्करी परिभाषेत तिला हलके टेहळणी-वाहन म्हटले आहे, म्हणजे १९४० च्या जीपचेच काम तिला दिले आहे. छप्पर नाही, दारे नाहीत. पुढे चालक आणि शेजारी एक शिपाई, मागच्या उघड्या भागात तीन नळ्यांची मशीनगन आणि ती चालविणारा, अशा तीन जागा.

या तीन जागांची वाटणी महत्त्वाची आहे. २००१ च्या खेळात चालकाला गाडीतून शस्त्र चालविता येत नाही. शेजारी बसलेला आपली बंदूक झाडू शकतो आणि मागचा मशीनगन चालवितो. चालकाने केवळ गाडी हाकावयाची. एकट्याने खेळताना संगणकाने चालविलेले सैनिक आपण होऊन या जागांवर येऊन बसतात. एक्सबॉक्स यंत्रे एकमेकांस जोडून सोळा जण खेळत तेव्हा त्या जागा खऱ्या माणसांच्या असत. परिणामी गाडी कशी चालविली यावर मागच्याचा नेम अवलंबून राहिला. वेड्यावाकड्या उसळ्या मारणारा चालक आपल्याच सोबत्याला निकामी करतो. स्पर्धेच्या खेळांत हाताळणी ही चालकाची खाजगी बाब असे. येथे ती दोघातिघांमधील व्यवहाराची बाब झाली.

गाडीच्या आतील रचनेकडे वळू. २००४ साली संगणकावरील आवृत्तीसाठी संपादनाची साधने उपलब्ध झाली आणि तिच्या चालीची मूल्ये कोणालाही वाचता येऊ लागली. तीवरून दिसते की, पडद्यावरची गाडी आणि गणितातली गाडी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. गणिताच्या दृष्टीने वॉर्टहॉग म्हणजे एकमेकांशी घट्ट जोडलेल्या काही वस्तुमान-बिंदूंचा समूह आहे. प्रत्येक बिंदूला त्रिज्या आहे, वस्तुमान आहे आणि भूमीशी घर्षण आहे. चाकाचे काम करणाऱ्या बिंदूंना हे घर्षण दोन प्रकारे दिले जाते: चाक ज्या दिशेला तोंड करून असते त्या दिशेचे एक, आणि त्याला आडवे असे दुसरे. चाक पुढे सहज गडगडते व बाजूला अडते, हा जो टायरचा मूळ धर्म, तो एवढ्या दोन अंकांत साठविलेला आहे. आडवे घर्षण वाढविले की गाडी वळणावर घट्ट धरून राहते, कमी केले की तिचे बूड घसरते. याशिवाय गुरुत्वमध्य कोठे मानावा, गुरुत्वाकर्षण किती प्रमाणात लागू करावे, चाक भूमीत किती दबावे, हेही अंकांनीच ठरते. भूमीकडूनही उत्तर येते: माती, दगड, बर्फ अशा प्रत्येक पृष्ठभागाला घर्षणाचे आपले प्रमाण दिलेले आहे आणि दोहोंच्या गुणाकारातून त्या क्षणीची पकड निघते. याच कारणाने बर्फाळ दरीतील टप्प्यात तीच गाडी, त्याच चालकाच्या हातात, अगदी वेगळी वागते.

सारांश, ‘मून पेट्रोल’मध्ये चाकांची हालचाल हा गतीचा अलंकार होता, वॉर्टहॉगमध्ये चाक आणि भूमी यांच्या झटापटीतूनच गती निर्माण होते. या दोन टोकांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे.

४. हाताळणी

गणित खरे असले म्हणजे गाडी चालविण्यास सुखाची होते असे नाही. किंबहुना घर्षणाचे गणित जितके प्रामाणिक, तितकी गाडी नवख्याच्या हातून उलटण्याचा संभव अधिक. ‘हेलो’च्या निर्मात्यांनी गाडीचे गणित आणि माणसाचा हात यांत जी तडजोड केली, ती या लेखाचा मुख्य विषय आहे.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर अंगठ्यांनी फिरवावयाच्या दोन दांड्या आहेत. पायी चालताना डाव्या दांडीने चालावयाचे आणि उजवीने पाहावयाचे. गाडीत बसल्यावरही हीच वाटणी कायम ठेवली आहे. डाव्या दांडीने गाडी पुढे वा मागे जाते आणि उजवीने कॅमेरा फिरतो. ज्या बाजूला पाहावे त्या बाजूला गाडी आपण होऊन वळते. स्टिअरिंगचे चाक ही कल्पनाच येथे नाहीशी झाली आहे. खेळाडूने ‘किती वळवू’ हे सांगावयाचे नाही, ‘कोठे जावयाचे’ एवढे सांगावयाचे. चाके किती वळवावीत हे आज्ञावलीने पाहावयाचे.

या योजनेचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, गाडी चालविण्यासाठी नवे काही शिकावे लागले नाही; उतरणे आणि चढणे यांत हाताची सवय मोडत नाही. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. नजर क्षणात फिरते, गाडीला मात्र वस्तुमान आहे. ती नजरेच्या मागून येते. पुढची आणि मागची चाके विरुद्ध दिशांना वळत असल्याने ती आखूड जागेत वळते खरी, पण वेगात असताना तिचे बूड बाहेर फेकले जाते आणि मग सावरून ती पाहिलेल्या दिशेला लागते. नजर आणि गाडी यांच्यामधील या विलंबात वॉर्टहॉगचा सारा स्वभाव आहे. अनुभवी चालक वळणाच्या आधीच वळणापलीकडे पाहू लागतो. घोड्यावर मांड असलेल्या स्वाराचे वर्णन करताना जे शब्द वापरावे, तेच येथे वापरावेसे वाटतात.

गाडी उलटते आणि वारंवार उलटते. खऱ्या जीपच्या बाबतीत हा प्राणावरचा प्रसंग असतो. येथे खेळाडूने खाली उतरावे, गाडीजवळ जाऊन एक बटण दाबून धरावे, की ती पुन्हा चाकांवर उभी राहते. वास्तवाशी ही उघड प्रतारणा आहे. परंतु या सवलतीमुळेच गणिताशी प्रामाणिक राहणे निर्मात्यांना परवडले. उलटणे महाग पडले असते, तर गाडी उलटूच नये म्हणून गुरुत्वमध्य खाली ओढावा लागला असता, घर्षण वाढवावे लागले असते, उसळी मारावी लागली असती. आणि मग उरली असती ती रुळावरून धावणारी गाडी. चूक स्वस्त केल्यामुळे भूमी अवघड ठेवता आली. २००१ च्या खेळात ही गाडी नष्टही होत नाही. गोळ्यांचा मार बसतो तो आत बसलेल्यांना. तोही याच धोरणाचा भाग मानावा लागेल.

भूमीची आखणीही याला पोषक होती. दुसऱ्या टप्प्यात ही गाडी प्रथम हाती येते, तेव्हा टेकड्या आणि ओढे असलेला मोकळा मुलूख समोर पसरलेला असतो आणि विखुरलेले सोबती शोधण्याचे काम असते. पुढे एका बेटावर विमानातून गाडी उतरविली जाते व किनाऱ्याच्या वाळूवरून बेटाभोवती फिरता येते. शेवटच्या टप्प्यात याच्या उलट परीक्षा आहे: फुटू पाहणाऱ्या जहाजाच्या पोटातील लांबच लांब लोखंडी बोगद्यांतून, घड्याळाशी स्पर्धा करीत, तीच गाडी न्यावयाची. मोकळ्या भूमीवर जो विलंब खेळकर वाटत होता, तोच बंदिस्त जागेत जिवावर बेततो. गाडीचे अंक तेच. बदलली ती भूमी.

५. खेळाडूंचे वाचन

ग्रंथाचा अर्थ जसा वाचकांच्या परंपरेतूनही उलगडतो, तसा या गाडीचा उलगडला. २००२ साली रँडल ग्लास या खेळाडूने एक चलच्चित्र प्रसिद्ध केले. त्यात हातबॉम्बांचे ढीग रचून त्यांच्या स्फोटाने वॉर्टहॉग आकाशात किती उंच उडविता येते, याचे प्रयोग होते आणि त्यांस त्याने ‘पदार्थविज्ञानाचा प्रयोग’ असेच नाव दिले होते. विनोद बाजूस ठेवला तरी त्यातील दृष्टी लक्षणीय आहे. खेळ जिंकण्याशी या उद्योगाचा काही संबंध नव्हता. गाडीमागील नियम सुसंगत आहेत हे ओळखून ते तपासण्याची जिज्ञासा त्यामागे होती. इतिहासकाराला अशी चलच्चित्रे उपयोगी पडतात, कारण मूळ यंत्रावर गाडी कशी वागत होती याची ती समकालीन नोंद आहेत. २००३ पासून खेळातच चित्रित होऊ लागलेल्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या विनोदी मालिकेत या गाडीला रानडुकराचे नाव का, यावर पात्रांचा वाद रंगतो. गाडी तोवर किती परिचयाची झाली होती, हे त्यावरून कळते.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘हेलो २’ मध्ये गाडी तीच, पण तिचा पाया बदलला. हालचालीचे गणित आता हॅवॉक या बाहेरून घेतलेल्या प्रणालीवर बसविले गेले. गाड्या मोडू लागल्या, जळून नष्ट होऊ लागल्या आणि शत्रूच्या चालत्या गाडीवर चढून ती बळकावता येऊ लागली. बाह्य रूपात साम्य असले, तरी २००१ ची आणि २००४ ची वॉर्टहॉग या दोन निरनिराळ्या गाड्या आहेत, असे हाताळणीच्या दृष्टीने म्हणावे लागते. २००७ साली न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने लघुपटांसाठी या गाडीची खरीखुरी, चालती प्रतिकृती तयार केली. तेथे रूप अचूक उतरले. परंतु बटण दाबून उलटलेली गाडी उभी करण्याची सोय जगात नसल्यामुळे, खेळातील चालकाचे स्वातंत्र्य तीत उतरणे शक्यच नव्हते.

६. दोन तुलना

वॉर्टहॉगचे यश कशात होते, हे दुसऱ्या एका गाडीच्या अपयशावरून अधिक स्पष्ट होते. कॅनडातील बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’ (२००७) या खेळात ‘मॅको’ नावाची सहा चाकांची, तोफ बसविलेली गाडी आहे. कथेनुसार तिचे वस्तुमान कृत्रिम उपायांनी कमी करता येते व बुडाच्या झोतांनी ती उडीही मारते. अनोळखी ग्रहांवर तिने हिंडावयाचे. कल्पना मोठी होती. परंतु गाडी फुग्यासारखी उसळते, उभ्या कड्यांवर चढते आणि हवी तेथे थांबत नाही, अशी तक्रार समीक्षकांनी आणि खेळाडूंनी केली. २०१० च्या दुसऱ्या भागातून ती काढूनच टाकण्यात आली. २०१७ च्या ‘अँड्रोमेडा’ भागात ‘नोमॅड’ ही गाडी आली, तीही शस्त्राविना. येथे दोष सर्वस्वी गाडीचा होता असे वाटत नाही. त्या ग्रहांची भूमी म्हणजे उंच सुळके आणि खोल दऱ्या यांनी भरलेले चौकोन होते. गाडीच्या चालीशी त्यांचे नाते जुळविलेले दिसत नाही. ‘हेलो’त टेकडीचा उतार आणि गाडीची उसळी यांचे परस्परांशी नाते जुळलेले आहे. हाताळणी ही गाडीच्या ठायी असलेली वस्तू नव्हे. गाडी, भूमी आणि हात या तिघांचे नाते म्हणजे हाताळणी.

दुसरी तुलना याच्या उलट दिशेची आहे. ‘स्पिनटायर्स’ (२०१४) आणि त्याच परंपरेतील ‘मडरनर’ (२०१७) व ‘स्नोरनर’ (२०२०) या खेळांत अवजड ट्रक चिखलातून न्यावयाचे असतात. येथे भूमी स्वतःच बदलते. चाक फिरले की चिखल उपसला जातो, चाकोरी खोल होते आणि पुढच्या फेरीला तीच चाकोरी अडचण होऊन बसते. हलका गिअर घालावा, डिफरन्शियल जखडून टाकावे, चरकीचा दोर झाडाला बांधून गाडी ओढून काढावी, हे सारे खेळाडूनेच करावयाचे. वॉर्टहॉगच्या नाकावर जी चरकी केवळ शोभेची होती, ती येथे कामाला आली. चूक येथे महाग आहे आणि म्हणून वेग हा विषयच राहिलेला नाही. ‘हेलो’ने भूमीला सोबतीण केले, या खेळांनी तिला प्रतिपक्ष केले. दोन्ही मार्ग खरे आहेत. मात्र पहिला मार्ग घातला गेल्यामुळेच भूमीला खेळात स्वतःचे म्हणणे मांडण्याची जागा मिळाली, असे कालक्रम पाहता वाटते.

७. पाठाचा प्रश्न

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. मराठीच्या अभ्यासकांना पाठचिकित्सा नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली; पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि मूळ पाठ कोणता, या वादाला तोंड फुटले. शोधन करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी शोधित प्रत आणि मूळ प्रत या दोन वस्तू आहेत, हे भान या वादाने आपल्याला दिले.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत हेच भान अद्याप रुजलेले नाही. ‘हेलो’ची २००३ साली संगणकावरील आवृत्ती निघाली, तीत दांडीच्या जागी माऊस आला, म्हणजे नजर आणि गाडी यांतील विलंब अंगठ्याऐवजी मनगटाला जाणवू लागला. २०११ साली दहाव्या वर्षानिमित्त नवी आवृत्ती निघाली. तीत चित्रे संपूर्ण नवी केली, पण खेळाची मूळ आज्ञावली खाली तशीच चालू ठेवली. एक बटण दाबले की जुने चित्र आणि नवे चित्र आलटूनपालटून दिसते. वरचे गवत बदलते, आकाश बदलते, गाडीचा पत्रा बदलतो, पण तिची घसरण त्याच जागी, तेवढीच होते. पाठ कायम ठेवून वेष्टन बदलण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. अर्थात येथेही पाठभेद आहेतच. या आवृत्तीला आधार २००३ च्या संगणक-आवृत्तीचा होता, त्यामुळे ‘जुने’ म्हणून दिसणारे चित्र एक्सबॉक्सवरील मूळ चित्राशी सर्वत्र जुळत नव्हते; आणि मूळ यंत्रावर सेकंदाला तीस चित्रे दिसत, तर २०१४ च्या संग्रहात साठ दिसू लागली.

‘मास इफेक्ट’च्या २०२१ च्या आवृत्तीत याच्या उलट रीत स्वीकारली गेली. कथा, संवाद आणि प्रसंग यांना फारसा धक्का लावला नाही. पण मॅकोची चाल दुरुस्त केली. गाडी अधिक जड वाटावी अशी फेरजुळणी केली, वेग वाढविण्याचा झोत दिला. खेळाडूंच्या सुखाच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच होती, आणि संपादकांनी ती उघडपणे सांगितली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि एखाद्या विद्यार्थ्याने केवळ ही आवृत्ती पाहून २००७ मधील तक्रारींचा अभ्यास करावयाचे ठरविले, तर त्या तक्रारी कशाविषयी होत्या हेच त्याला समजणार नाही. कथेचा एखादा परिच्छेद गाळला असता तर गहजब झाला असता. हाताळणी बदलली ती मात्र ‘सुधारणा’ या सदरात जमा झाली. चित्र आणि शब्द यांनाच आपण कृती मानतो, हाताच्या अनुभवाला मानीत नाही, हे यातून उघड होते.

उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, खेळातील आडरानच्या गाडीचा विकास हा मुख्यतः तिच्या रूपाचा विकास नसून, भूमीला खेळात मिळत गेलेल्या अधिकाराचा विकास आहे. दोन, वॉर्टहॉगचे वैशिष्ट्य तिच्या गणिताच्या प्रामाणिकपणात जेवढे आहे, तेवढेच त्या गणिताची शिक्षा सौम्य करणाऱ्या योजनांमध्ये आहे: नजरेच्या मागून येणारे वळण, आणि उलटलेली गाडी उभी करण्याची सवलत. तीन, ही हाताळणी गाडी, भूमी, कंट्रोलर आणि यंत्राचा वेग यांच्या संयोगातून उद्भवते. यांपैकी एकही बदलले की पाठ बदलतो.

यातून संशोधनाची एक पद्धतीही सुचते. अशा कृतींवर लिहिणाऱ्याने कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कंट्रोलरने तपासली, हे हस्तलिखिताचा क्रमांक द्यावा तितक्या काटेकोरपणे नमूद करावे. ग्रंथालयांनी आणि विभागांनी खेळांच्या चकत्यांबरोबर त्या काळचे कंट्रोलर आणि चालू स्थितीतील यंत्रेही सांभाळावीत. संपादन-साधनांतून वाचता येणारी मूल्ये आणि समकालीन खेळाडूंची चलच्चित्रे यांचाही संग्रह करावा. एक्सबॉक्सची ती पहिली यंत्रे आज दोन तपांहून अधिक जुनी झाली आहेत. त्यांच्या दांड्या सैल होत आहेत आणि चकत्या वाचणारे भाग निकामी होत आहेत. वॉर्टहॉगची चित्रे हवी तितकी मिळतील. तिचे बूड वळणावर कसे सुटत असे आणि नजर टिकविली की ते कसे सावरत असे, याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र चालू यंत्रे आहेत तोवरच घेता येईल. ते काम याच पिढीच्या अभ्यासकांनी हाती घेतले पाहिजे.